काळुवाचा वाटा

"कुत्रं बाहेर, नोना."

सकाळपासून हे वाक्य सेव्वंदीच्या वाट्याला तिसऱ्यांदा आलं. पहिल्या किनाऱ्यावर ते पाटीवर होतं, दुसऱ्यावर छत्र्या भाड्याने देणाऱ्या माणसाने ऐकवलं आणि इथे, लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गलवेल्ला गावात, हॉटेलच्या रखवालदाराने. तेही आधी शिट्टी वाजवून.

"बाहेर म्हणजे कुठे?" ती म्हणाली. "समुद्राच्या बाहेर? समुद्र तुमच्या मॅनेजरने बादल्यांनी भरलाय का?"

"नोना... बाईसाहेब, माझं काम आहे—"

"तुमचं काम भिंत राखायचं. भिंत ती तिकडे. इथे वाळू आहे. वाळूत कुठे भिंत दिसतेय तुम्हाला?"

रखवालदाराने खरंच खाली वाळूकडे पाहिलं. काळुवा तेवढ्यात तिथेच बसला. बारा वर्षांचा काळा कुत्रा, तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय आखडलेले. तिच्या डोंगरातल्या गावी, बंडारवेलला, गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला खाऱ्या पाण्यात चालवा, चार दिवस आराम पडेल. म्हणून सेव्वंदी रात्रीच निघून, पाच तास घाट उतरून वडिलांची जुनी व्हॅन घेऊन आली होती. इतक्या लांब येऊन शिट्टी ऐकून परत फिरणाऱ्यांतली ती नव्हती.

रखवालदाराने काळुवाच्या पट्ट्याकडे हात नेला आणि तेवढ्यात पाण्याकडून हाक आली.

"दोरी धरा! अहो नोना, दोरीला हात लावा!"

पाण्याच्या कडेला वीसेक माणसं रापणीच्या लांबलचक जाळ्याची दोरी ओढत होती. ओळीत सगळ्यात मागे असलेला, लुंगी गुडघ्यावर खोचलेला एक तरुण मान वळवून तिलाच हाक मारत होता.

"का?" सेव्वंदीने तिथूनच विचारलं. कारण न विचारता काही करायची तिला सवय नव्हती.

"आधी धरा, मग सांगतो!"

ती पळाली. काळुवा लंगडत, पण शेपटी वर करून मागे. तिने त्या तरुणाच्या पाठीमागची जाड, ओली, काथ्याची दोरी दोन्ही हातांनी धरली. रखवालदार दहा पावलांवर थबकला.

"इंदुनिल, हे बरं नाही हं," तो कुरकुरला आणि चक्क मागे वळला.

"काय जादू केली मी?" सेव्वंदीने विचारलं.

"आमच्या गावात रापणीच्या दोरीला ज्याचा हात, त्याला जाळं वाळूला लागेपर्यंत कुणी हलवत नाही. हॉटेलवाले तर मुळीच नाही. एकदा त्यांच्या बोटीने आमचं जाळं कापलं होतं, आम्ही आठ दिवस त्यांच्या रस्त्यावर होड्या आडव्या घातल्या. तेव्हापासून... शहाणे झालेत."

"आणि कुत्र्याचं काय?"

"त्यालाही हात लावायला सांगा."

सांगायची गरज नव्हती. मागे वाळूवर लोळणारं दोरीचं टोक काळुवाने तोंडात धरलं होतं आणि तो असा ऐटीत बसला होता, जणू अख्खी रापण त्याच्याच जोरावर येत होती.

"हेलेया..." पुढून रापणीच्या म्होरक्याने, तांडेलने, आवाज दिला. "हेलेया!" सगळे एकदम मागे कलले. सेव्वंदीही कलली. हात भाजल्यासारखे झाले, टाचा वाळूत रुतल्या. लाट यायची, पोटऱ्यांपर्यंत भिजवून जायची आणि दोरी हातभर मागे सरकायची.

"ओढताय, की नुसता आधार घेतलाय?" इंदुनिलने न वळता विचारलं.

"तुमच्या पाठीमागून काही दिसतच नाही."

"मग पाठ बघा."

"बघतेय. घामाने भिजलीय. मत देता येत नाही."

तो इतका हसला की दोरी त्याच्या हातून निसटता निसटता राहिली. पुढच्या म्हाताऱ्याने त्याला शिवी हासडली. सेव्वंदीने मान खाली घातली, पण ओठ काही मिटेनात.

जाळं वाळूला लागलं तेव्हा ऊन चढलं होतं. तार्ली, थोडे बांगडे, एक रागावलेला खेकडा. पियदास मामा, म्हणजे रापणीचे तांडेल, केळीच्या पानांवर वाटे घालायला बसले. एकेकाचं नाव घ्यायचे, पान पुढे सरकवायचे. इंदुनिलचं पान आलं, त्यावर इतरांपेक्षा दुप्पट मासे.

"आणि माझा?" सेव्वंदी म्हणाली. "मीही ओढलंय. हात बघा."

"त्यातच आहे की, पोरी." मामांनी पानाकडे बोट केलं. "एका घराचे दोन वाटे एका पानावर."

"एका... घराचे?"

सगळी वाळू खुदुखुदू हसायला लागली. मामांनी शांतपणे सांगितलं, की गलवेल्लाच्या दोरीवर ज्याच्या पाठीला लागून माणूस उभं राहतं, ते त्याच्याच घरचं असतं. बापामागे पोरगा, भावामागे भाऊ. बाई असली तर बायको, नाहीतर होणारी बायको. इंदुनिलच्या मागची जागा दोन वर्षं रिकामीच होती, गावाला त्याची चिंता होती. आता ती मिटली.

सेव्वंदी गर्रकन इंदुनिलकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं!"

"मी सांगणारच होतो..."

"कधी? पोरं शाळेत जायला लागल्यावर?"

"पुढे जागाच नव्हती हो!" त्याचे कान लाल झाले होते. "मागे रखवालदार, पुढे मी शेवटचा. तुम्हाला कुठे उभं करणार?"

हे खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिने पानावरचे अर्धे मासे मोजून ओढणीत घेतले. "माझा वाटा वेगळा. मी माझ्या स्वतःच्या मागे उभी होते."

मामांनी मान डोलावली, टोपलीतून आणखी दोन बांगडे काढले आणि काळुवासमोर ठेवले. "दोरी धरली होती त्याने. त्याचा वाटा."

त्या क्षणी सेव्वंदीला हे गाव आवडलं. तिने ते मान्य मात्र केलं नाही.

माफी म्हणून इंदुनिलने तिला चहा पाजला. होड्यांच्या सावलीत, तीन दगडांच्या चुलीवर. तिने कप तोंडाला लावला, फुर्रर्र असा जोरदार आवाज करून घोट ओढला, तोंडात घोळवला आणि बाजूला पच्कन थुंकून टाकला.

इंदुनिल बघतच राहिला. "इतका वाईट?"

"सखल भागातली पत्ती. मागच्या पावसाळ्यातली. डब्याचं झाकण सैल आहे आणि डबा सुकटीशेजारी ठेवता तुम्ही."

त्याने मान वळवून डब्याकडे पाहिलं. शेजारीच सुकटीची माळ लटकत होती.

"हाच माझा धंदा आहे," ती म्हणाली. "कारखान्यात दिवसाला दोनशे कप चाखते आणि थुंकते. आमच्या डोंगरात माझ्या जिभेवर चहाचे भाव ठरतात."

"आणि माझा भाव?"

"सांगितला ना. थुंकून."

तो पुन्हा हसला. या माणसाला राग कसा येत नाही, हेच तिला कळेना. आणि तिला तर राग येणाऱ्या माणसांची चांगली सवय होती.

दुपारी तो त्यांना खडकांमागे घेऊन गेला. तिथे लाटा बाहेरच अडायच्या आणि आत गुडघाभर, कोमट, निवळ पाणी असायचं. काळुवाने आधी पाण्याला नाक लावलं, शिंकला, मागे सरकला. मग इंदुनिलने त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि हळूच त्याला पाण्यावर तोललं. आखडलेले मागचे पाय एकदा हलले. पुन्हा हलले. आणि म्हातारा काळुवा पोहायला लागला... तोंड वर, कान मागे, डोळ्यांत कमालीचं आश्चर्य.

सेव्वंदी रडायला लागली. तिला रडायचं नव्हतं, पण आलं.

"काय झालं?" इंदुनिलने विचारलं.

"गुरुवारी याला विहारात सोडायचाय."

लंकेत नको झालेली कुत्री लोक विहाराच्या फाटकात सोडून येतात, हे काही त्याला समजावायला नको होतं. भंते त्यांना भात घालतात, आणि सोडणारा पुण्य मिळाल्यासारखा हात झटकून घरी जातो.

तिने सगळं सांगून टाकलं. गुरुवारी दहा वाजून बेचाळीस मिनिटांच्या मुहूर्तावर तिच्या नि नलकच्या अंगठ्या बदलायच्या होत्या. नलक कुरुणेगलचा इंजिनियर, सरळ माणूस. त्याच्या आईची एकच अट, कुत्रं त्याआधी घराबाहेर. म्हातारं काळं कुत्रं शुभकार्यात नको. आणि लग्नानंतर सुनेने चार माणसांत पिचकाऱ्या मारायची नोकरीही नको. सेव्वंदीच्या अम्माने दोन्ही मान्य केलं होतं. 'काळुवाला समुद्र दाखवून आणते' अशी चिठ्ठी ठेवून सेव्वंदी निघाली, तेव्हा अम्माला वाटलं होतं, येताना पोरगी वाटेतल्या एखाद्या विहारात थांबेल.

इंदुनिल पाण्यात उभा राहून ऐकत होता. काळुवा अजून त्याच्या हातांवर तरंगत होता.

"सगळ्यांचं कळलं," तो म्हणाला. "तुझं काय म्हणणं आहे?"

'तुमचं'चं 'तुझं' झालं होतं, ते तिच्या लक्षात आलं. त्याहून जास्त लक्षात आलं ते हे, की लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. भांडायला ती पटाईत होती. पण ती नेहमी रखवालदारांशी भांडायची, घरातल्यांशी नाही.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

रात्र तिने मामांच्या घरी, मामींच्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुनिल व्हॅनजवळ हजर. "तुला एकटीला जाऊ दिलं तर तू अख्ख्या किनारपट्टीशी भांडण काढशील. मी येतो. निदान रस्ता तरी दाखवीन."

मग दोन दिवस तिघं किनाऱ्यामागून किनारे हिंडले. एके ठिकाणी माड इतके वाकलेले, की काळुवा त्यांच्या बुंध्यावर बसून लाटांकडे बघायचा. एके ठिकाणी वाळू काळपट आणि गावातली सतरा कुत्री एकदम स्वागताला, इंदुनिलच व्हॅनमध्ये चढून बसला. एके ठिकाणी बंगल्याच्या मालकिणीने हटकलं. सेव्वंदीने तिला भरतीची रेषा दाखवून कायदा ऐकवला आणि शेवटी त्या बाईनेच काळुवाला पाणी आणून दिलं. इंदुनिल झाडामागे उभा राहून पोट धरून हसत होता.

बुधवारी सकाळी मात्र वेगळंच झालं. पांढऱ्याशुभ्र, निर्मनुष्य किनाऱ्यावर काठ्या रोवून दोर बांधला होता. पाटीवर लिहिलं होतं, कासवांची घरटी, कुत्री आणू नयेत. सेव्वंदीने पाटी वाचली आणि गुपचूप मागे वळली.

"हे काय? आज भांडण नाही?"

"कुणाची तरी अंडी आहेत तिथे. काळुवा उकरेल. तिथे कसलं भांडण?"

"म्हणजे नियम चालतात तुला."

"कारण असलेले चालतात."

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता वाळूतल्या ओंडक्याला अडखळून सपशेल आडवा झाला. ती हात द्यायला वाकली. हात धरला... आणि उठल्यावरही दोघांपैकी कुणी तो सोडला नाही. काळुवाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि व्हॅनच्या सावलीत जाऊन पडला.

"सेव्वंदी," तो म्हणाला, "मला आता—"

"नको," ती म्हणाली. "आत्ता नको. आज मला आधी दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचंय."

तिघं परतले, तर ते दुसरं कुणीतरी गलवेल्लाला येऊन बसलंच होतं. मातरच्या बाजारात कोळिणी मासे विकता विकता बोलल्या होत्या, की आपल्या इंदुनिलच्या मागे डोंगरातली एक पोरगी उभी राहिली; कुत्रा घेऊन आलेली, चहा थुंकणारी. अम्माची मावसबहीण मातरलाच मासे घेते. चहा थुंकणाऱ्या, कुत्रेवाल्या पोरी लंकेत काही ढिगाने नसतात.

होड्यांच्या सावलीत अम्मा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती. शेजारी नलक, पायात मोजे-बूट, बुटांत वाळू. पियदास मामा लांबून जाळं दुरुस्त करायचं नाटक करत होते.

"लोक म्हणतात तू एका कोळ्यामागे उभी राहिलीस!" अम्माने नमस्कार-चमत्कार काही ठेवला नाही.

"राहिले. तेव्हा चुकून राहिले."

"तेव्हा?" अम्माचा आवाज चढला. "उद्या मुहूर्त आहे, बाई. साडी तयार, किरिबतच्या दूधभाताला तांदूळ आणलेत, दोनशे माणसं येणार. चल, गाडीत बस. कुत्र्याचं नलक बघेल."

"मी चौकशी केलीय," नलक समजुतीने म्हणाला. "आमच्या घराजवळचाच विहार आहे. स्वच्छ. आपण पौर्णिमेला भेटायला जाऊ त्याला."

त्याचा स्वर वाईट नव्हता. तो खरंच समजूत घालत होता, आणि नेमकं त्यामुळेच सेव्वंदीला सगळं लख्ख दिसलं.

"नलक, तुमच्या आईंचं म्हणणं मला पाठ आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं?" तो गोंधळला. "म्हणजे... माझी अम्मा म्हणाली ना."

"तुम्हाला कुत्रा नको आहे?"

"मला तसं काही नाही."

"माझी नोकरी नको आहे?"

"मला कुठे काय? पण अम्माला..."

"बघा. तुम्हाला माझं काहीच खुपत नाही, आणि तरी मी सगळं सोडायचं. उद्या दहा बेचाळीसला मी येणार नाही."

पियदास मामांच्या हातातली सुई थांबली. नलक उठला, बसला, पुन्हा उठला. "लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी उर्मट निघाली. ते खरंच आहे."

तो सेव्वंदीच्या अम्माकडे बघत राहिला, जणू ती काही म्हणेल आणि मग त्याला काय वाटतं ते त्याला कळेल. अम्माने तोंड फिरवलं. शेवटी तो मान खाली घालून आपल्या गाडीकडे गेला. सेव्वंदीला त्याची दया आली. पण दया आली म्हणून काही कुणी लग्न करत नाही.

"कुत्र्यासाठी लग्न मोडलंस," अम्मा म्हणाली. आता ती रडत होती. "बारा वर्षांचं कुत्रं. वर्षभर जगेल, नाहीतर दोन."

सेव्वंदी तिच्यासमोर वाळूत बसली. "कुत्र्यासाठी नाही, अम्मा. काळुवा उद्या मेला असता तरी मी हेच केलं असतं. त्यांनी आधी कुत्रा मागितला, मग माझी जीभ मागितली. तू दिलीस. मला न विचारता दिलीस. ती काय तुझी होती?"

अम्माने डोळे पुसले. लेकीकडे नाही, समुद्राकडे बघितलं. "मला कुठे कुणी विचारलं होतं?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, असंच असतं."

"तसं नसतं."

तिने अम्माचा हात घट्ट दाबला. मग सेव्वंदी उठली आणि तावातावाने इंदुनिलपाशी गेली. तो एका होडीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

"आणि तू? एक शब्द बोलला नाहीस!"

"भांडण तुझं होतं. आणि चांगलं चाललं होतं."

"आता बोल. सकाळी काय सांगत होतास?"

रापणीत बावीस माणसांच्या वरताण ओरडणाऱ्या माणसाचा आवाज एवढासा झाला होता. "मला तू आवडतेस. चहा थुंकलीस तेव्हापासून... म्हणजे त्याच्याआधीपासून. दोरी धरायच्या आधी 'का' विचारलंस ना, तेव्हापासून."

ती ताठच राहिली. "एक ऐक. मी त्याला नाही म्हटलं, म्हणून तुला आपोआप हो झालं, असं नाही."

"माहीत आहे."

"मी डोंगर सोडणार नाही. नोकरी सोडणार नाही."

"मी समुद्र सोडायचा नाही."

"मग?"

"मग..." त्याने खांदे उडवले. "वैशाखात समुद्र खवळतो. पाच महिने रापण पडत नाही. आम्ही घरी बसून जाळी विणतो आणि बायकांच्या शिव्या खातो. जाळी काय, डोंगरातही विणता येतात."

"आणि उरलेले सात महिने?"

"पाच तासांचा घाट आहे. व्हॅन तुझ्याकडे आहे."

तिने विचार केला. खरा, स्वतःचा, कुणाची घाई नसलेला विचार. लाट आली, दोघांच्या पायांवरून गेली, परत गेली. मग तिने त्याच्या मनगटाला धरलं आणि त्याला ओढत अम्मासमोर आणून उभं केलं.

"अम्मा, हा इंदुनिल. मला हा आवडतो. लग्न करीन की नाही, कधी करीन, ते मी ठरवीन. पण आवडतो, हे आजच सांगते."

होड्यांमागून कुणीतरी शिट्टी वाजवली. अम्माने इंदुनिलला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भिजलेली लुंगी, खरचटलेला गुडघा, लाल कान. तिने नाक ओढलं, पदर सावरला आणि अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "बाळा, तुझी जन्मवेळ काय?"

"पहाटे चार वाजून—"

सेव्वंदीने त्याच्या तोंडावर तळहात दाबला.

"सांगायची नाही," ती म्हणाली. "मला आवडतो तेवढं पुरे. ग्रहांना आवडतो की नाही, ते ग्रहांनी बघावं."

अम्मा काहीतरी म्हणायला गेली आणि तिला मध्येच हसू फुटलं. सेव्वंदीने तिकडे पाहिलं नाही. तिच्या तळहाताखाली त्याचे ओठ हसत होते, आणि हात बाजूला घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती.